कावळ्याने तार वाकवली म्हणून डार्विन जिंकत नाही, हरतही नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेले दोन रविवार आपल्या वाचकांच्या पत्रांत प्राणी अवजारं वापरतात यावरून जे काही चाललंय ते वाचून शेवटी मीही लिहायला बसले. एका वाचकांनी लिहिलं की कावळा तारेचा आकडा करतो, चिंपांझी काडीने वाळवी काढून खातो, म्हणजे माणूस काही वेगळा नाही, म्हणजे धर्म सगळा थापा, विषय संपला. पुढच्या रविवारी दुसऱ्यांचं उत्तर आलं की कावळ्याला ही अक्कल दिली कोणी, देवानेच ना, मग डार्विन खोटा, विषय संपला. दोघांचाही विषय इतक्या पटकन संपतो याचं मला कौतुक वाटतं, कारण मी मिरजेत दहावीच्या मुलांना सायन्स शिकवते, खाजगी क्लास आहे, आणि आमचा तो धडा काही केल्या एका तासात संपत नाही.

आधी ती मूळ गोष्ट नीट सांगते, दोन्ही पत्रांत ती अर्धवट आलीये. इंग्लंडच्या जेन गुडॉल १९६० साली पूर्व आफ्रिकेत टांगानिका सरोवराच्या काठी गोंबेच्या जंगलात चिंपांझींचा अभ्यास करायला गेल्या तेव्हा २६ वर्षांच्या होत्या, कॉलेजची डिग्री नव्हती, सेक्रेटरीचा कोर्स केलेला. तेव्हा तिथे ब्रिटिशांचं राज्य, एकट्या बाईला जंगलात राहू देणार नाही म्हणाले म्हणून आईला बरोबर घेऊन गेल्या (हे वाचून माझ्या क्लासमधल्या मुली फार हसतात, का ते त्यांना आणि मला माहीत आहे). सुरुवातीचे कित्येक दिवस चिंपांझी लांबूनच पळून जायचे. मग नोव्हेंबरात एक दिवस एक नर दिसला, हनुवटीवर करडे केस असलेला, त्याचं नाव त्यांनी डेव्हिड ग्रेबिअर्ड ठेवलं होतं. तो वारुळाजवळ बसला होता, गवताची लांब काडी भोकात घालायचा, थोडा वेळ थांबायचा, अलगद बाहेर काढायचा आणि काडीला चावून लोंबकळणाऱ्या वाळव्या ओठांनी टिपून खायचा. काडी वाकली की दुसरी. पुढे त्यांना हेही दिसलं की पानं असलेली डहाळी घेतली तर हे चिंपांझी आधी पानं ओरबाडून काढतात आणि मगच ती भोकात घालतात, म्हणजे नुसतं सापडलं ते वापरलं असं नाही, कामापुरतं घडवलं. त्यांना तिथे पाठवणारे लुई लीकी यांनी ही बातमी कळल्यावर जी तार केली ती प्रसिद्ध आहे, की आता अवजाराची व्याख्या बदलावी लागेल, नाहीतर माणसाची, नाहीतर चिंपांझींना माणूस म्हणावं लागेल.

एवढा धक्का का बसला हे कळायला हवं असेल तर तेव्हा माणसाची ओळख काय सांगायचे ते बघा. अवजार बनवतो तो माणूस, अशी सरळ रेघ मारलेली होती. प्राणी अवजार वापरत असतील एखादवेळी, पण बनवतो फक्त माणूस. डेव्हिड ग्रेबिअर्डने पानं ओरबाडून ती रेघ पुसली. त्यानंतर रेघ सरकवण्याचा खेळ सुरू झाला तो अजून चालू आहे, आणि तो फक्त धर्मवाल्यांनी खेळला असं समजू नका, सायंटिस्टांनीही भरपूर खेळलाय. गंमत म्हणजे डार्विनने स्वतः १८७१ मध्येच लिहून ठेवलं होतं की जंगलातला चिंपांझी अक्रोडासारखं फळ दगडाने फोडतो, आणि हिंदुस्थानातले पाळीव हत्ती फांदी मोडून तिने माश्या हाकलतात. म्हणजे बातमी नव्वद वर्षं छापून पडली होती, कोणी मनावर घेतली नव्हती.

हत्तीचं निघालंच आहे तर सांगते. आपल्या शेजारी कर्नाटकात नागरहोळेला पाळीव हत्तींवर एक अभ्यास झाला, २००१ साली छापून आला. हत्तींना मुद्दाम अशा लांबलचक फांद्या दिल्या की ज्या माशा वारायला गैरसोयीच्या. १३ हत्तींपैकी ८ हत्तींनी एकदा तरी फांदी छाटून सोयीची केली, कोणी फांदी पायाखाली दाबून धरली आणि सोंडेने ओढून तोडली, कोणी बाजूची डहाळी मोडून घेतली. आमच्या भागातून नागरहोळे ट्रिपला जाणारे लोक कमी नाहीत, हत्तीबरोबर फोटो असतात सगळ्यांकडे, पण आपल्या पत्रांत मात्र ऑक्सफर्डचा कावळा.

आता त्या कावळ्याकडे येते, कारण पहिल्या पत्राची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. तो व्हिडिओ मलाही चार ग्रुपवर आलाय. तो आपल्याकडचा, पिंडाला शिवणारा कावळा नव्हे. तो पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरचा, वेगळ्या जातीचा. २००२ साली ऑक्सफर्डमध्ये बेटी नावाच्या मादीसमोर उभ्या नळीत छोटी बादली ठेवली होती, बादलीत मांसाचा तुकडा, आणि बाहेर सरळ तार. तिने तारेचं टोक कुठेतरी अडकवून, चोचीने ओढून आकडा केला आणि बादलीच्या कडीत घालून ती वर काढली, दहातल्या नऊ वेळा जमवलं. जगभर बोभाटा झाला. मग २०१६ मध्ये लक्षात आलं की या जातीचे जंगलातून पकडून आणलेले कावळेही लवचिक काड्यांची अवजारं वाकवून त्यांना बाक देतात, म्हणजे बेटीने काही ऐन वेळी शून्यातून शोध लावला असं म्हणता येत नाही, तिच्या जातीची ती खोडच असू शकते. हे दुसरं कोणी फॉरवर्ड करत नाही.

पण माझा मुख्य आक्षेप हा नाहीच. आक्षेप असा की कावळ्याने तार वाकवल्याने माणूस माकडांच्या कुळातला आहे हे सिद्ध कसं होतं? कावळा आपला जवळचा नातेवाईक नाही. पक्षी आणि सस्तन प्राणी यांचा शेवटचा सामाईक पूर्वज ३० कोटी वर्षांहून जुना. त्यानंतर दोन्हीकडच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि कावळ्याकडे ही कला स्वतंत्रपणे आली. इंडोनेशियात ऑक्टोपस नारळाच्या करवंट्या उचलून नेतात आणि पुढे त्यात लपतात हे २००९ मध्ये छापून आलं, मग ऑक्टोपसला काय मामा म्हणायचं? पांढरं गिधाड, जे आपल्याकडेही दिसतं, ते आफ्रिकेत शहामृगाच्या अंड्यावर चोचीतून दगड आपटून अंडं फोडतं, हे जगापुढे आणणाऱ्याही गुडॉल आणि त्यांचे तेव्हाचे यजमानच. या सगळ्यावरून एवढंच ठरतं की अवजार ही माणसाची मक्तेदारी नाही. उत्क्रांती झाली का आणि आपण कोणाच्या वंशातले हे त्यावरून ठरत नाही, त्याला वेगळा पुरावा लागतो आणि तो आहे, ढिगाने आहे. मग चांगला पुरावा खिशात असताना माणूस कच्चा पुरावा का दाखवतो हे मला समजत नाही, समोरचा मग तो कच्चा पुरावाच धरून बसतो आणि दुसऱ्या पत्रात नेमकं तेच झालंय.

चांगला पुरावा म्हणजे काय ते एकच सांगते, मुलांना हाच सगळ्यात पटतो. माणसाची गुणसूत्रं ४६, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांची ४८. आता जर आपण आणि ते एकाच घराण्यातले असू तर एक जोडी गेली कुठे? नाहीशी झाली म्हणावं तर तेवढे जनुक हरवून कोणी जगणार नाही. मग ती कुठेतरी चिकटलेली असली पाहिजे. बघितलं तर माणसाचं दोन नंबरचं गुणसूत्र म्हणजे त्यांची दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून जोडलेली. गुणसूत्राच्या टोकांना एक ठरावीक मजकूर असतो, तो टोकालाच असायला हवा, तर इथे तो मधोमध सापडतो, तोही एकमेकांकडे तोंड करून, आणि मधला सांधा एकच असायला हवा तिथे दुसऱ्या सांध्याचे अवशेष बाजूला पडलेले. मी हे फळ्यावर दोन रंगांच्या खडूने काढते आणि मागच्या बाकावरची, एरवी मोबाईल लपवून बघणारी पोरंसुद्धा वर बघतात. त्यानंतर व्हिटॅमिन सी. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या अंगात बनवतात, कुत्र्याला लिंबू खायची गरज नाही. आपल्याकडेही ते बनवायचा जनुक आहे पण मोडका आहे, आणि वानरांमध्येही तो मोडका आहे, बऱ्याच ठिकाणी अगदी त्याच जागी मोडलेला. चांगली गोष्ट दोघांत सारखी असेल तर म्हणता येईल एकाच कारागिराने केली, पण तीच चूक त्याच जागी दोघांच्या वहीत असली तर परीक्षक काय म्हणतो ते दहावीच्या मुलांना सांगावं लागत नाही.

आता धर्माचं. जानेवारी २०१८ मध्ये आपल्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, माकडाचा माणूस झाल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे पाहिलं नाही, कुठे लिहिलं नाही, शाळा-कॉलेजच्या अभ्यासक्रमातून हे बदललं पाहिजे. ते मनुष्यबळ विकास खात्याचे मंत्री होते, म्हणजे शिक्षणाचेच. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून विरोध केला, आणि त्यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी असं बोलू नका म्हणून त्यांना सांगितलं. सिंह साहेब आधी मुंबईचे पोलीस कमिशनर होते हे लक्षात घ्या, रसायनशास्त्रात एम.एस्सी., एम.फिल. आहेत. खून होताना पाहिला कोणी असं विचारून त्यांनी एक तरी फाईल बंद केली असती का? बोटांचे ठसे, रक्त, पंचनामा, पोस्टमॉर्टेम यावरच तर त्यांची सगळी नोकरी झाली.

पण त्यांचं २०१९ चं लोकसभेतलं बोलणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तेव्हा ते म्हणाले की आम्ही ऋषींची संतान आहोत, ज्यांना आपण माकडांची संतान वाटतं त्यांना मी दुखवू इच्छित नाही. इथे गोम आहे. हा आक्षेप धर्माचा नाही, कुळाचा आहे.

अमेरिकेत भांडण वेगळं आहे. तिथे बायबलमध्ये माणूस वेगळा घडवलाय, देवाच्या प्रतिमेत घडवलाय आणि बाकी प्राण्यांवर त्याची सत्ता आहे. म्हणून टेनेसी राज्यात डेटन गावी १९२५ मध्ये उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या मास्तरांवर खटला चालला, १०० डॉलर दंड झाला, आणि तो कायदा रद्द व्हायला १९६७ उजाडलं. तिथल्या माणसाला डेव्हिड ग्रेबिअर्डची काडी टोचणं मी समजू शकते, त्याच्या पोथीतच भिंत आहे. (तरी बायबल मानणाऱ्यांतही सगळे सारखे नाहीत. लीकी हे मिशनऱ्यांच्या घरात वाढले, गुडॉल शेवटपर्यंत एका मोठ्या आध्यात्मिक शक्तीवर विश्वास असल्याचं उघड सांगत, आणि पोप जॉन पॉल दुसरे १९९६ मध्ये म्हणाले की उत्क्रांती ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही. देव मानणारा माणूस उत्क्रांती मानू शकत नाही हे पहिल्या पत्रलेखकांना कोणी सांगितलं?)

आपल्याकडे ती भिंत कुठे आहे ते मला दाखवा. चौऱ्यांशी लक्ष योनी फिरून माणसाचा जन्म मिळतो म्हणतो आपण, म्हणजे तोच जीव किड्यात, तोच बैलात, तोच आपल्यात. पितृपंधरवड्यात ज्या कावळ्यासाठी गच्चीवर पान ठेवतो त्या कावळ्यात आजोबा आलेले चालतात. आमच्या सांगली जिल्ह्यात बह्याला आणि शिराळ्याला समर्थांनी स्थापलेले मारुती आहेत, शनिवारी तेल घालायला रांग असते. सेतू बांधला तो वानरांनी, दगड उचलून, म्हणजे अवजाराच्या पुढची पायरी, थेट पीडब्ल्यूडी. ज्या पोथ्यांत हे सगळं आहे त्या पोथ्या वाचणाऱ्याला चिंपांझीने काडी वापरली याचं काय वाईट वाटायचंय? वाईट वाटतं ते पूर्वज म्हणून, वंशावळीत नाव लावायचं म्हणून. देव म्हणून वानर चालतं, पणजोबा म्हणून चालत नाही. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये असं आपलेच जुने लोक सांगून गेले आणि आपण बरोब्बर तेच शोधत बसलोय, वर ऋषींपाशी आलं की थांबतोय, त्याच्या मागे कोण हे विचारायचं नाही. ऋष्यशृंग हरिणीच्या पोटी जन्मले हे महाभारतात आहे, ते कोणाच्या गोत्राला अडत नाही.

आणि २०१८ चं ते भाषण झालं त्या संभाजीनगर जिल्ह्यातच पैठण आहे. संन्याशाची पोरं म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई यांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभं राहावं लागलं आणि तिथे रेड्याच्या तोंडून वेद वदवले अशी कथा आहे. घडलं का, कसं, हा माझा विषय नाही. पण कथा रचणाऱ्यांनी काय रचलं ते बघा, प्रश्न होता जन्माचा, कुळाचा, तुम्ही कोणाचे, आणि उत्तर दिलं पाठीवर पखाल वाहणाऱ्या जनावराने. इथून पन्नासेक किलोमीटरवर सातशे वर्षांनंतर शिक्षण खात्याचा मंत्री पुन्हा कुळावरच येतो, आणि समोर बसलेल्यांपैकी एकालाही रेडा आठवत नाही म्हणजे कमाल आहे.

दुसऱ्या पत्रात दशावताराचाही उल्लेख आहे, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, म्हणजे डार्विनच्या आधी आपल्याला सगळं माहीत होतं. हे मला दरवर्षी एखादा पालक येऊन सांगतोच. एकीकडे डार्विन खोटा म्हणायचं आणि त्याच दमात तो आमच्याच पुराणातून आलाय म्हणायचं, दोन्ही एकदम कसं जमतं? दशावतार सुंदर आहे, त्याला तसाच राहू द्या. त्यात मासा बदलून कासव होत नाही, देव दर वेळी नवं रूप घेतो, आणि परशुराम, राम, कृष्ण हे तर सगळे माणूसच. त्याला सायन्सचं सर्टिफिकेट लावायला गेलात तर ते फाटणार आणि मग पुराणच खोटं ठरवल्यासारखं होणार, नुकसान तुमचंच.

या भांडणाचा भुर्दंड मुलांना पडतो म्हणून एवढं लिहिलं. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून. १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून निषेध केला. बारावीला आहे की म्हणतात, पण बारावीला बायोलॉजी घेणारी मुलं किती? कॉमर्सला जाणाऱ्या मुलाने हे आयुष्यात एकदाही वाचायचं नाही का? आपल्या महाराष्ट्र बोर्डाचं त्या मानाने बरं आहे, दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती, त्यात दोन गटांना जोडणारे पेरिपॅटस आणि डकबिल प्लॅटिपस हे प्राणी आहेत, माकडहाड आहे. फक्त पहिला धडा असल्यामुळे तो जूनमध्ये, निम्म्या वह्यांना कव्हरं घालायची असताना उरकला जातो.

आणि तरीही दरवर्षी एक हात वर येतो, मॅडम, मग आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत. मी म्हणते, तुझा चुलत भाऊ तू का होत नाही. आजोबा एक, घरं दोन. चिंपांझी आणि आपण यांचे आजोबा साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचे, ते चिंपांझीही नव्हते आणि माणूसही नव्हते. एवढं सांगितलं की बहुतेकांना पटतं, पण हा प्रश्न येतो कुठून ते सांगू का? तो येतो त्या चित्रातून, ज्यात डावीकडे वाकलेलं माकड, मग जरा ताठ, मग अजून ताठ, आणि शेवटी उजवीकडे भाला घेतलेला माणूस, सगळे एका रांगेत चाललेत. ते चित्र मुळात १९६५ मध्ये एका अमेरिकन पुस्तकासाठी रुडॉल्फ झालिंगर यांनी काढलं, पूर्ण चित्रात पंधरा आकृत्या होत्या, आणि नंतर जगभर त्याच्या नकला झाल्या, शेवटच्या माणसाच्या हातात मोबाईल देऊन, लॅपटॉप देऊन. त्या चित्रात चिंपांझी मागे राहिलेला, नापास झालेला माणूस दिसतो. मंत्री काय, पोरं काय, सगळ्यांच्या डोक्यात माकडाचा माणूस झाला हे वाक्य तिथून बसलंय.

तर संपादक महोदय, माझी विनंती एवढीच की या दोन पत्रांच्या मधोमध आपण जे चित्र छापलंत ते तेच होतं, ते कृपा करून पुन्हा छापू नका. फांद्या फुटलेल्या झाडाचं छापा, ज्यात चिंपांझी एका फांदीच्या टोकाला आणि माणूस शेजारच्या फांदीच्या टोकाला, दोघेही सारख्याच उंचीवर. आर्टिस्टला वेळ नसेल तर डार्विनने १८३७ मध्ये वहीत स्वतःच्या हाताने असं एक वेडंवाकडं झाड काढलंय तेच टाका, कॉपीराइटचा प्रश्न येणार नाही.

आपली,
एक वाचक, मिरज